पेन्शनसाठी नक्की विचारायचं कुणाला?

प्रश्न असा होता: "वडील गेल्या महिन्यात ५८ पूर्ण झाले. तीन ठिकाणी नोकरी झाली. पहिला कारखाना कधीच बंद पडला, दुसरीकडे कंत्राटदारामार्फत काम, तिसऱ्या कंपनीत अजून चालू आहे. बँकवाले म्हणतात पीएफ ऑफिसला जा, पीएफ ऑफिस म्हणतं कंपनीला विचारा, कंपनी म्हणते सगळं ऑनलाइन आहे. एक एजंट 'करून देतो' म्हणतोय. खरी माहिती मिळते कुठे? आणि आजीचं श्रावणबाळ योजनेचं मानधन चार महिन्यांपासून आलेलं नाही, त्यासाठी कुठे जायचं?"

तुम्हाला तिघांनी तीन उत्तरं दिली, आणि गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. पेन्शनमध्ये तीन वेगळी कामं असतात. नोकरीची नोंद एकाकडे असते, हक्क मंजूर दुसरा करतो आणि पैसे तिसरा देतो. बँक फक्त पैसे देते. पेन्शन किती बसली, का अडली, कमी का आली, यातलं काहीही तिच्या हातात नसतं. त्यामुळे "पेन्शनची माहिती कुठे मिळेल" यापेक्षा "माझी नोंद कुणाच्या दप्तरात आहे" हा प्रश्न आधी सोडवा. ते कळलं की दार आपोआप ठरतं.

वडिलांचं प्रकरण कर्मचारी पेन्शन योजना १९९५ चं आहे, म्हणजे लोक जिला 'पीएफची पेन्शन' किंवा ईपीएस ९५ म्हणतात ती. योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू आहे. मंजुरी देणारं कार्यालय म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचं, ईपीएफओचं, क्षेत्रीय कार्यालय. आता कुठलं क्षेत्रीय कार्यालय? घराजवळचं नव्हे. ज्या कार्यालयात सध्याच्या कंपनीचा कोड आहे ते. वडिलांच्या पगारपत्रकावर किंवा पासबुकावर सदस्य क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं विभागाची, पुढची तीन कार्यालयाची, मग कंपनीचा सात आकडी कोड, तीन आकडी जोडक्रमांक आणि शेवटी खातं. एमएच-बीएएन दिसलं तर वांद्रे, पीयू-पीयूएन असेल तर पुणे, एनजी-एनएजी असेल तर नागपूर. कंपनीचं मुख्यालय मुंबईत आणि कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असला तर कोड बहुधा मुंबईचाच निघतो. अशा वेळी जिल्ह्याच्या कार्यालयात कितीही खेटे घातले तरी फाईल तिथे नसतेच.

कार्यालयात जाण्याआधी घरी बसून एक संध्याकाळ घालवा. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर १२ आकडी यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ सदस्याचा क्रमांक, टाकून लॉगिन करा आणि सेवा-इतिहास उघडा. तिथे प्रत्येक नोकरीची रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि एनसीपी दिवस, म्हणजे वर्गणी न भरलेले दिवस, दिसतात. यूएएन क्रमांक २०१४ मध्ये आला. त्याआधीच्या नोकऱ्या तिथे दिसत नसतील तर घाबरू नका. त्या नाहीशा झालेल्या नाहीत, फक्त जोडलेल्या नाहीत. पण जोडेपर्यंत पेन्शनच्या हिशोबात त्या धरल्या जाणार नाहीत, हेही खरं.

इथे एक गोष्ट वडिलांना नीट खोदून विचारा: पहिला कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी "फंड काढला" का? आणि काढला असेल तर फॉर्म कोणता भरला? फॉर्म १९ म्हणजे भविष्य निर्वाह निधीची रक्कम. फॉर्म १० सी म्हणजे पेन्शनचा भाग. फक्त १९ भरला असेल तर पैसे घेतले तरी पेन्शनची सेवा जिवंत आहे. १० सी भरून रोख रक्कम घेतली असेल तर तेवढी वर्षं कायमची गेली. मात्र १० सी वरच योजना प्रमाणपत्र, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, मागता येतं, आणि ते घेतलेलं असेल तर सेवा शाबूत आहे. त्या काळी कारखान्याच्या फाटकावर एकत्र सह्या घेतलेल्या असत आणि कुणी काय भरलं हे पुष्कळांना आज आठवत नाही. ट्रंकेत, जुन्या फायलीत, देव्हाऱ्यामागे ठेवलेल्या पाकिटात ते प्रमाणपत्र किंवा निदान पीएफची वार्षिक स्लिप आहे का ते शोधा. त्या स्लिपवरचा जुना खाते क्रमांक सोन्याच्या मोलाचा.

जुनं खातं सापडलं की ते सध्याच्या यूएएनमध्ये वर्ग करायचं. त्याचा अर्ज फॉर्म १३, आता तो ऑनलाइनच होतो. वर्ग झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि लोकांचा जीव उडतो. ते बरोबरच आहे. पेन्शनच्या भागातले पैसे वर्ग होत नसतात, सेवेची वर्षं वर्ग होतात, आणि ती 'अ‍ॅनेक्शर के' नावाच्या कागदावर असतात. तो कागद मागून ठेवा. त्यावरची रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि एनसीपी दिवस तपासा. कंत्राटदाराच्या काळात दोन भानगडी हमखास निघतात: कंत्राट बदललं की नवा यूएएन काढलेला असतो, आणि सोडल्याची तारीखच भरलेली नसते. दोन यूएएन असतील तर जुन्यातून नव्यात वर्ग करणं हाच उपाय. सोडल्याची तारीख राहिली असेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर सदस्य स्वतः पोर्टलवर ती नोंदवू शकतो, कंत्राटदाराला शोधत फिरावं लागत नाही.

नाव, जन्मतारीख किंवा वडिलांचं नाव आधारशी जुळत नसेल तर संयुक्त घोषणापत्र, म्हणजे सदस्य आणि कंपनी दोघांच्या नावे होणारा दुरुस्तीचा अर्ज, भरावं लागतं. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी जुळवलेला यूएएन असेल तर बरेच बदल सदस्याला स्वतःच करता येतात. वडिलांचा यूएएन त्याआधीचा असणार, म्हणजे सध्याच्या कंपनीची मान्यता लागेल. बंद कारखान्यातल्या नोंदीबद्दल असेल तर राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक किंवा पोस्टमास्तर अशांपैकी कुणाची तरी साक्षांकित सही घेऊन कार्यालयात द्यावं लागतं. जन्मतारखेतली चूक सगळ्यात महाग पडते, कारण ५८ कधी पूर्ण झाली हेच तीवर ठरतं. म्हणून अर्ज करण्याआधी ती दुरुस्त करा, अर्जाबरोबर नको. अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा या असल्या नोंदींमुळेच, पात्रता नसल्यामुळे क्वचित.

आता "किती बसेल". सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि मर्यादा १५,००० रुपयांची. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची, त्याआधी ६,५०० होती. फसगत होते ती इथेच. लोक सगळी वर्षं १५,००० ने गुणतात. प्रत्यक्षात २०१४ च्या आधीची सेवा जुन्या मर्यादेने आणि नंतरची नव्या मर्यादेने मोजली जाते. समजा एखाद्याची १ सप्टेंबर २०१४ पूर्वीची ८ वर्षं आणि नंतरची १० वर्षं आहेत, आणि पगार कायम मर्यादेच्या वर होता. पहिल्या भागाचे ८ गुणिले ६,५०० भागिले ७०, म्हणजे ७४३ रुपये. दुसऱ्या भागाचे १० गुणिले १५,००० भागिले ७०, म्हणजे २,१४३. एकूण साधारण २,८८६. सरसकट १५,००० धरले असते तर ३,८५७ आले असते आणि मग "कार्यालयाने हजार रुपये खाल्ले" अशी तक्रार झाली असती. तुमच्या वडिलांची नोंदलेली सेवा २० वर्षं किंवा जास्त निघाली तर हिशोबात २ वर्षं वाढवून मिळतात. म्हणून ती पहिल्या कारखान्याची वर्षं जोडणं इतकं महत्त्वाचं.

किमान १० वर्षं सेवा लागते. सगळ्या नोकऱ्यांची बेरीज करून सहा महिने किंवा जास्त उरले तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षं झाली असली तरी काम होतं. किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. साडेसात हजार झाल्याचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतात. ती पेन्शनधारकांची मागणी आहे. राजपत्रात अधिसूचना निघाल्याशिवाय असल्या निरोपावर घरखर्चाचं गणित बसवू नका. या पेन्शनवर महागाई भत्ता मिळत नाही, तेव्हा सरकारी नोकरीतल्या काकांच्या पेन्शनशी तुलना करून उपयोग नाही.

घ्यायची कधी, हे मात्र परिस्थितीवर आहे. वडील अजून कामावर असले तरी ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शन घेता येते, नोकरी सोडावी लागत नाही. ६० पर्यंत थांबलं तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ५० ते ५८ दरम्यान आधी घेतली तर दर वर्षाला ४ टक्के कपात, पण तुमच्या बाबतीत तो प्रश्न संपला. थांबायचं की नाही हे घरात दुसरं उत्पन्न आहे का आणि तब्येत कशी आहे यावर ठरवा. हिशोब म्हणून पाहिलं तर दोन वर्षांत न घेतलेली रक्कम ८ टक्क्यांच्या वाढीने भरून यायला पंचवीसेक वर्षं लागतात, म्हणून केवळ वाढीव टक्क्यांसाठी थांबा असं मी सहसा सुचवत नाही. एक गोष्ट मात्र आजच कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी कळवा: घेणं पुढे ढकललं नसेल तर ५८ नंतर पेन्शन खात्यात जाणारी ८.३३ टक्के वर्गणी थांबली पाहिजे आणि मालकाचा सगळा वाटा भविष्य निर्वाह निधीत गेला पाहिजे. कंपनीने ती चालूच ठेवली तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो.

अर्जाचा फॉर्म १० डी. पोर्टलवरून भरता येतो, किंवा कागदावर भरून कंपनीमार्फत देता येतो. सोबत आई-वडिलांचा एकत्र फोटो, आधार, बँक पासबुकाची पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश, २५ च्या आतली मुलं असतील तर त्यांच्या जन्मतारखा, आणि योजना प्रमाणपत्र असेल तर मूळ प्रत. ई-नामांकन, म्हणजे पोर्टलवरची वारसाची नोंद, आधी भरून ठेवा. आईचं नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. पुढे कधी वेळ आली तर तिला वडिलांच्या पेन्शनच्या निम्मी विधवा पेन्शन मिळते, किमान १,००० रुपये, आणि त्या वेळी नावातलं एक अक्षर अडसर ठरतं. अर्ज मंजूर झाला की पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, येतो, त्यावर १२ आकडी क्रमांक असतो. पुढच्या प्रत्येक चौकशीत यूएएनऐवजी तोच विचारतात. जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत पेन्शन वाटप चालू झालं आहे, त्यामुळे कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत पेन्शन घेता येते. पूर्वीसारखं गाव बदललं म्हणून पीपीओ एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवावा लागत नाही.

मदत मागायची दारं क्रमाने अशी. साध्या माहितीसाठी १४४७० हा ईपीएफओचा क्रमांक. तिथला माणूस नियम सांगेल, फाईल हलवणार नाही. फाईलच्या चौकशीसाठी कार्यालयातली जनसंपर्क खिडकी, आणि तिथे जाताना यूएएन, सदस्य क्रमांक, अर्जाचा दिनांक आणि पोचपावती कागदावर लिहून न्या. "वडिलांची पेन्शन अडलीय" म्हणालात तर "पाहतो" एवढंच ऐकून परत याल. "अमुक तारखेचा १० डी आहे, कुठल्या टप्प्यावर आहे आणि काय हरकत काढली आहे" असं विचारलंत तर त्यांना संगणक उघडावाच लागतो. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर प्रत्येक जिल्ह्यात भरतं. ज्यांचं क्षेत्रीय कार्यालय लांब आहे त्यांनी हे नक्की वापरावं, कारण तिथे अधिकारी समोर बसलेले असतात आणि गर्दी कार्यालयापेक्षा कमी असते.

पूर्ण अर्जाचा निर्णय २० दिवसांत व्हायला हवा. तो झाला नाही तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर जा. तक्रारदार कोण असं विचारतात तिथे 'पीएफ सदस्य' निवडा. 'पेन्शनधारक' निवडलंत तर पीपीओ क्रमांक मागेल आणि तो तुमच्याकडे अजून नाही. एका तक्रारीत एकच विषय घाला. पेन्शन, व्याज, नाव दुरुस्ती असं सगळं एकत्र लिहिलं की सगळ्यात सोप्या मुद्द्याचं उत्तर देऊन तक्रार बंद करतात. पोचपावती जोडा. समाधान न होता बंद झाली तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर जा. तिथल्या निकालाविरुद्ध तिथेच अपील करता येतं.

बंद कारखान्याची नोंद "सापडत नाही" असं उत्तर आलं तर माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. पण "माझी पेन्शन का दिली नाही" असं विचारू नका. कारण विचारलं की टोलवाटोलवी होते, कागद मागितला की तो द्यावा लागतो. कारखान्याचा कोड लिहून फॉर्म ९ (सदस्यांची यादी) मधली वडिलांच्या नावाची नोंद आणि त्या वर्षांच्या फॉर्म ३ ए व ६ ए (वर्गणीची वार्षिक विवरणं) च्या प्रती मागा. मासिक विवरणं २०१२ पासून ऑनलाइन झाली, त्याआधीची सेवा याच कागदांवर आहे. अगदीच शेवटचा उपाय म्हणून ग्राहक आयोग आहे. भविष्य निर्वाह निधीचा सदस्य हा ग्राहक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे.

एजंटबद्दल स्पष्टच सांगतो. माहितीच्या अधिकाराचे १० रुपये सोडले तर यातल्या कुठल्याही अर्जाला सरकारी शुल्क नाही. एजंट जे करतो ते म्हणजे तुमचा यूएएन आणि ओटीपी घेऊन पोर्टलवर तुम्हीच भरायचा अर्ज भरणं. त्याच लॉगिनमधून वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कमही काढता येते, एवढं लक्षात ठेवा. मोबाइलवर जमत नसेल तर घरातल्या कुणाला शेजारी बसवा. कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये गेलात तर ओटीपी स्वतः टाका. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच कळवा.

पेन्शन सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला. सरकारी पेन्शनधारकांचा नोव्हेंबर ठरलेला असतो. ईपीएसवाल्यांना वर्षात कधीही देता येतो आणि दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत होतो, पोस्टमन घरी येऊनही करतो. पेन्शन अचानक थांबली तर सगळ्यात आधी हाच दिनांक पाहा.

आजीचं दार पूर्ण वेगळं आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना महसूल खात्यामार्फत चालते, म्हणून तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत जा. पीएफ कार्यालयाचा तिच्याशी संबंध नाही, आणि बँकेत फक्त पैसे जमा होतात. वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, अशी अट आहे. हे पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. तेव्हा दोन गोष्टी तपासा: आजीचं आधार नेमकं कुठल्या बँक खात्याला जोडलेलं आहे, आणि हयातीचा व उत्पन्नाचा दाखला शाखेत पोचला आहे का. पुष्कळदा पैसे बंद झालेले नसतातच. ते आजीच्या दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात जमा होत असतात. बँकेत "खातं आधारशी लिंक आहे का" असं विचारू नका, "थेट लाभासाठी आधार सीडिंग या खात्याला आहे का" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात. राज्य सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांची प्रकरणं मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात मंजूर होतात आणि पैसे कोषागारातून येतात, पण कागद अडतात ते बहुतेक वेळा सेवापुस्तक असलेल्या मूळ कार्यालयातच. केंद्र सरकारच्या पेन्शनधारकांसाठी सीपीईएनग्राम्स हे तक्रार पोर्टल आणि १८००-११-१९६० हा क्रमांक आहे. माजी सैनिकांचं सगळं स्पर्श प्रणालीवर, आणि कागद समजत नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, असेल तर प्राण हा तिचा खाते क्रमांक घेऊन नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे जायचं, अटल पेन्शन असेल तर जिथे खातं उघडलं त्या बँकेत किंवा पोस्टात.

तुम्ही आज रात्री सेवा-इतिहासाचं पान उघडा आणि तिन्ही नोकऱ्यांपैकी किती दिसतात, सोडल्याच्या तारखा आहेत का, ते इथे लिहा. यूएएन क्रमांक, जन्मतारीख, आधार यातलं काहीही लिहू नका, फक्त वर्षं पुरेत. पहिल्या कारखान्याची वर्षं नसतील तर माहिती अधिकाराच्या अर्जात नेमकी वाक्यं काय घालायची ते सांगतो.